दहा वर्षांची घरं

लंडनच्या आग्नेय भागात लुईशम नावाचा बरो आहे. बरो म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला शहराचा तुकडा. मी ऑनसाइटला होते तेव्हा माझी बस लुईशम हाय स्ट्रीटवरून जायची, आणि रोज एका इमारतीपाशी माझी नजर अडकायची. चार मजली, ठोकळ्यासारखी, अंगावर रंगीबेरंगी पॅनेल. एखाद्या स्टार्टअपचं को-वर्किंग ऑफिस असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

एकदा जॅममध्ये बस तिथेच थांबली म्हणून फोनवर शोधलं. इमारतीचं नाव 'प्लेस लेडीवेल'. २०१६ साली लुईशम कौन्सिलने बेघर कुटुंबांसाठी ती उभारली. तळमजल्यावर छोट्या व्यवसायांसाठी जागा, वर दोन बेडरूमचे चोवीस फ्लॅट. आर्किटेक्ट होती रिचर्ड रॉजर्स यांची कंपनी. पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या आराखड्यात होते तेच हे रॉजर्स. फ्लॅट कारखान्यात तयार झाले, ट्रकवरून आले आणि क्रेनने एकावर एक रचले गेले. मूळ योजनेत तर ही इमारत तिथे फार तर चार वर्षं राहणार होती. त्या जागेवर पूर्वी कौन्सिलचा पोहण्याचा तलाव आणि व्यायामशाळा होती, ती पाडली होती. कायमचं बांधकाम सुरू व्हायला वेळ होता. तेवढ्यात इथे कुटुंबं राहतील, मग इमारत सुटी करून दुसऱ्या मोकळ्या जागेवर न्यायची.

मी सॉफ्टवेअरवाली. 'सध्या चार दिवसांसाठी टाकून ठेवू' म्हणून लिहिलेला कोड किती वर्षं चालतो हे मला चांगलं माहीत आहे. त्यामुळे 'चार वर्षं' वाचून मी हसले. मग त्याच शोधात दुसरी गोष्ट सापडली आणि हसू थांबलं. याच बरोमध्ये, तिथून बसने थोड्याच अंतरावर, आणखी एक वसाहत होती. तीही कारखान्यात तयार झालेल्या घरांची, तीही बेघरांसाठी, तीही तात्पुरती. फक्त ती १९४५-४६ सालची होती. मुदत दहा वर्षांची. माणसं राहिली पासष्ट वर्षांहून जास्त.

*

तिचं नाव एक्सकॅलिबर इस्टेट. राजा आर्थरच्या तलवारीचं नाव. आतले रस्तेही त्याच दंतकथांमधले: पर्सांट रोड, मॉर्ड्रेड रोड, पेलिनोर रोड. नावं वाचून किल्ला वगैरे डोळ्यांसमोर येतो. मी एका रविवारी गेले तेव्हा बरीचशी वसाहत पाडून झाली होती. राहिली होती ती सपाट छपराची, बैठी, पांढरट घरं. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या धरणाच्या कॉलनीत शोभतील अशी.

ही घरं का आली, ते समजायला त्याच हाय स्ट्रीटवर परत यावं लागतं. २८ जुलै १९४४ रोजी जर्मनीचा व्ही-वन, म्हणजे वैमानिकाशिवाय उडणारा बॉम्ब, लुईशमच्या भरबाजारात पडला. पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढे व्ही-टू रॉकेट्स आली. त्याआधी १९४०-४१ च्या बॉम्बवर्षावात लंडनची घरं रांगेने पडलेली होतीच. एकीकडे लाखो घरं मोडकी, दुसरीकडे लाखो सैनिक परत यायच्या वाटेवर, आणि गवंडी, सुतार, विटा, लाकूड सगळ्याचीच टंचाई. पण युद्धामुळे एक गोष्ट मात्र भरपूर झाली होती: कारखाने.

मार्च १९४४ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांनी रेडिओवरून जाहीर केलं, की कारखान्यात बनवलेली पाच लाख घरं देऊ. त्याच वर्षी तात्पुरत्या निवासाचा कायदा झाला आणि १५ कोटी पौंड मंजूर झाले. घरं सरकार पुरवणार, जागा आणि भाडेकरू कौन्सिलने बघायचे. घराचं आयुष्य साधारण दहा वर्षं धरलेलं.

पहिला नमुना लंडनच्या टेट गॅलरीत मांडला होता. पूर्ण पोलादी घर, लोक रांगा लावून बघायला आलेले. त्याला लॉर्ड पोर्टल या मंत्र्यांचं नाव दिलं होतं. ते घर प्रत्यक्षात आलंच नाही, कारण तेवढं पोलाद कुठे होतं? पण त्याचा आराखडा पुढच्या सगळ्या मॉडेल्समध्ये उतरला. मला त्यातला एक भाग फार आवडतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून ठेवलं होतं आणि मधल्या भिंतीत सगळी नळजोडणी कारखान्यातूनच करून यायची. चूल, चुलीमागे पाणी तापवायची टाकी, सिंक, कपाटं, आणि फ्रिज. जागेवर फक्त पाण्याचा आणि ड्रेनेजचा पाइप जोडायचा. घरबांधणीतलं सगळ्यात किचकट काम एका तयार डब्यात कोंबलेलं.

फ्रिज! १९४५ सालच्या ब्रिटनमध्ये फ्रिज म्हणजे श्रीमंतांची चैन. १९५१ च्या जनगणनेतही तिथल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडे स्वतःचा आंघोळीचा टब नव्हता. पुढे मजूर पक्षाचे नेते झालेले नील किनॉक वेल्समधल्या अशाच प्रीफॅब घरात वाढले. त्यांच्यासारख्या खाणकामगाराच्या मुलाच्या घरी फ्रिज आणि आत संडास-बाथरूम आलं ते या 'तात्पुरत्या' घरामुळे.

१९४५ ते १९४९ या काळात अशी १,५६,६२३ घरं उभी राहिली. चर्चिल यांच्या पाच लाखांच्या एक तृतीयांशही नाहीत, आणि खर्च मंजुरीच्या पुष्कळ पुढे गेला. सगळ्यात महाग पडलं ॲल्युमिनियमचं घर. लढाऊ विमानं बनवणाऱ्या कारखान्यांना आता काम हवं होतं, म्हणून त्यांनी घरं बनवली. चार तुकडे, चार ट्रक, जागेवर आणून बोल्टने जोडले की घर तयार. अशी चौपन्न हजारांहून जास्त झाली. एक्सकॅलिबरची घरं मात्र 'युनी-सेको' प्रकारची होती. लाकडी सांगाडा आणि ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. जमीन फॉर्स्टर मेमोरियल पार्क या बागेची, दहा वर्षांसाठी उसनी घेतलेली. १८७ घरं. बांधायला मजूर म्हणून आणले जर्मन आणि इटालियन युद्धकैदी. ज्यांच्या देशांशी लढताना घरं पडली, त्यांच्याच सैनिकांनी ती परत उभी केली.

सगळ्यांना पुरतील एवढी घरं अर्थातच नव्हती. १९४६ च्या मे महिन्यात स्कनथॉर्प गावातलं एक कुटुंब सरळ लष्कराच्या रिकाम्या छावणीत राहायला गेलं. बघता बघता देशभर तेच सुरू झालं. ऑक्टोबरपर्यंत इंग्लंड आणि वेल्समधल्या १,०३८ छावण्यांत ३९,५३५ माणसं विनापरवाना राहत होती. सरकार आधी चिडलं, मग वीज-पाणी तोडायच्या गोष्टी झाल्या, आणि शेवटी बऱ्याच ठिकाणी कौन्सिलांनीच त्या छावण्या ताब्यात घेऊन लोकांकडून भाडं घ्यायला सुरुवात केली. सैनिकांसाठीच्या पत्र्याच्या बराकी अशा घरं झाल्या.

*

प्रीफॅबची मुदत संपली तेव्हा काय झालं? काही ठिकाणी ती उतरवून उंच इमारती बांधल्या. या इमारतीही कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तक्त्यांच्या, पत्त्यांच्या बंगल्यासारख्या एकावर एक. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमध्ये रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत एका बाईंनी सकाळी चहासाठी गॅस पेटवला. स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार जण गेले. लोक राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यानंतर 'कारखान्यातलं घर' हा शब्द ब्रिटनमध्ये बरीच वर्षं तोंड वाकडं करून उच्चारला गेला. गंमत अशी, की त्याच वेळी एक्सकॅलिबरमध्ये लोक गुलाब लावत होते.

मुदती वाढत गेल्या. ब्रिस्टलमध्ये एकविसाव्या शतकातही शेकडो प्रीफॅब वापरात होती. एक्सकॅलिबरमध्ये काही भाडेकरूंनी घरं विकतही घेतली. कारण सरळ होतं. प्रत्येक घराला पुढे-मागे बाग, वर कोणी नाही, खाली कोणी नाही, सुमारे सहाशे चौरस फूट जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घर तात्पुरतं असलं तरी राहणारा तात्पुरता नव्हता. तो कौन्सिलचा भाडेकरू होता. दर आठवड्याला भाडं भरायचा, मुलं जवळच्या शाळेत घालायचा, आणि हे घर उतरवलं तर कौन्सिल दुसरं देईल हे त्याला माहीत होतं.

हे वाक्य मी बसमध्ये वहीत लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते इतकं पुढे कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

*

आमच्या क्लायंटच्या ऑफिसात रात्रपाळीला एक सिक्युरिटी गार्ड होता. रिलीजच्या रात्री आम्ही उशिरापर्यंत थांबायचो तेव्हा गप्पा व्हायच्या. बायको, दोन मुलं. घरमालकाने घर विकायला काढलं, नवं परवडेना, म्हणून कौन्सिलकडे गेलेला. कुठली कौन्सिल ते राहू दे. आधी एका हॉटेलच्या खोलीत चौघं, मग दुसऱ्या टोकाला एक फ्लॅट, मग तिसरीकडे कारखान्यात बनलेला मॉड्युलर फ्लॅट. मी विचारलं, कसा आहे? तो म्हणाला, आयुष्यात राहिलेल्या घरांमधला सगळ्यात चांगला. ऊबदार, कोरडा, स्वयंपाकघर नवं. मग जरा थांबून म्हणाला, पण टीव्हीचा खोका मी फेकलेला नाही. मिक्सरचा पण नाही. सगळे खोके पलंगाखाली आहेत.

हा माणूस कुठल्या खात्यात मोडतो, त्याचाही इतिहास आहे. १९४८ च्या कायद्याने बेघरांची जबाबदारी कौन्सिलच्या कल्याण विभागाकडे दिली. त्यांची वसतिगृहं असायची आणि त्यातल्या अनेक ठिकाणी बायको-मुलांना जागा मिळायची, नवऱ्याला नाही. घर गेलं म्हणून कुटुंब फोडायचं, असा तो प्रकार. १६ नोव्हेंबर १९६६ रोजी बीबीसीवर केन लोच यांनी दिग्दर्शित केलेलं 'कॅथी कम होम' हे नाटक लागलं. त्यात एका तरुण जोडप्याचं घर टप्प्याटप्प्याने निसटत जातं. देशाच्या सुमारे चौथाई लोकांनी ते पाहिलं. दोनच आठवड्यांनी 'शेल्टर' ही संस्था सुरू झाली. तरी कायदा यायला अकरा वर्षं लागली. १९७७ चा बेघर व्यक्ती कायदा स्टीफन रॉस या लिबरल खासदारांनी खासगी विधेयक म्हणून आणला. त्याने पहिल्यांदा असं ठरवलं, की मुलंबाळं असलेलं, गरोदर बाई असलेलं, असं अग्रक्रमाचं कुटुंब बेघर झालं तर त्याला निवारा देणं हे कौन्सिलच्या गृहनिर्माण खात्याचं कायदेशीर कर्तव्य आहे. कायमचं घर मिळेपर्यंत जे द्यायचं, ते 'तात्पुरता निवास'. मुंबईकरांनी मनात 'संक्रमण शिबिर' म्हटलं तरी अर्थ पोचतो.

कायदा चांगलाच होता. पण तीन वर्षांत, १९८० मध्ये, थॅचर सरकारने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. लाखो घरं विकली गेली, आणि त्या प्रमाणात नवी बांधली गेली नाहीत. म्हणजे एका हाताने कर्तव्य दिलं आणि दुसऱ्या हाताने ते पार पाडायचं साधन काढून घेतलं. तात्पुरत्या निवासातून बाहेर पडायचं दारच अरुंद झालं. आत येणारे येतच राहिले.

२०२४ अखेरीस इंग्लंडमध्ये सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं तात्पुरत्या निवासात होती. मुलं दीड लाखाहून जास्त. २०२३-२४ या एका वर्षात कौन्सिलांनी त्यावर सव्वादोन अब्ज पौंडांहून अधिक खर्च केला. यातला मोठा भाग दर रात्रीच्या हिशोबाने खोल्या देणाऱ्या खासगी मालकांकडे जातो. कौन्सिलला केंद्र सरकारकडून जी भरपाई मिळते ती मात्र जानेवारी २०११ च्या भाडेदराच्या ९० टक्क्यांवर गोठवलेली आहे. २०११! तेव्हा माझ्या घरी स्मार्टफोनसुद्धा नव्हता. आजचं भाडं आणि तेव्हाचा दर यातली फट कौन्सिल आपल्या खिशातून भरते. त्यातच २००४ पासून नियम आहे, की मुलं असलेल्या कुटुंबाला बेड-अँड-ब्रेकफास्टमध्ये सहा आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायचं नाही.

आता या कोंडीत सापडलेल्या गृहनिर्माण अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. तुमच्याकडे पैसा कमी, पण मोकळ्या जागा आहेत. पाडलेली शाळा, जुना वाहनतळ, पुढच्या पाच-सात वर्षांत विकसित होणार असलेला भूखंड. कारखान्यातलं घर काही महिन्यांत उभं राहतं, जागेची मुदत संपली की उचलता येतं. लेडीवेल यातून आलं. ब्रिस्टलने एका कार पार्कच्या वर खांबांवर घरं उभी केली, खाली गाड्या तशाच. कार्डिफने जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर अख्खी वसाहत रचली.

ईलिंग बरोने स्वस्तातला मार्ग धरला आणि मालवाहू कंटेनर वापरले. हे मला इंजिनिअर म्हणूनही पटत नाही. कंटेनर बाहेरून आठ फूट रुंद. आतून तापमान रोखणारा थर लावला, की उरते ती खोली नव्हे, बोळ. पोलाद उन्हाळ्यात तापतं, हिवाळ्यात गारठतं, आणि माणसांच्या श्वासाची वाफ त्या गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. समुद्रापार बुटांचे खोके नेण्यासाठी काढलेल्या मापात बाळाचा पाळणा बसवायचा. २०१९ मध्ये इंग्लंडच्या बालहक्क आयुक्त ॲन लाँगफील्ड यांनी आपल्या अहवालात या कंटेनर-घरांवर नेमकं हेच बोट ठेवलं: उन्हाळ्यात भट्टी, थंडीत बर्फ, आणि मुलांना हातपाय पसरायला जागा नाही.

पण सगळ्या मॉड्युलर घरांना कंटेनरच्या माळेत ओवणं चुकीचं आहे. लेडीवेलचे फ्लॅट लंडनच्या किमान मापापेक्षा सुमारे दहा टक्के मोठे होते. अशा मॉड्युलचं आयुष्य साधारण साठ वर्षं धरतात. म्हणजे डबा उत्तम आहे. आता एक्सकॅलिबरशेजारी हे ठेवून बघा. १९४५ मध्ये घर दहा वर्षांचं आणि भाडेकरू कायमचा. आज घर साठ वर्षांचं आणि राहणारा तात्पुरता. १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात तर स्पष्टच आहे, की बेघर म्हणून दिलेल्या जागेत राहणाऱ्याला कौन्सिलच्या सुरक्षित भाडेकरूचा दर्जा आपोआप मिळत नाही. तो त्या घरात किती वर्षं राहिला याने काही फरक पडत नाही. आर्किटेक्टला बक्षीस मिळतं, मॉड्युलला वॉरंटी मिळते. माझ्या गार्ड मित्राला मिळतं एक पत्र, ज्यात दुसरा पत्ता लिहिलेला असेल.

कारखान्याला दोष देण्यात म्हणूनच मला अर्थ वाटत नाही. कारखान्याने दोन्ही वेळा आपलं काम केलं.

आणि इमारत उचलून नेण्याचं काय झालं? चार वर्षं उलटली, लेडीवेल जागेवरच. आश्चर्य नाही. आम्ही सर्व्हर हलवतो तेव्हा मशीन नेणं हे सगळ्यात सोपं काम असतं, त्याला जोडलेल्या हजार गोष्टी जिवावर येतात. घराचंही तसंच. नव्या जागी पाया हवा, पाणी, वीज, ड्रेनेज हवं, क्रेन हवी, नव्याने परवानगी हवी आणि शेजाऱ्यांची हरकत नको. तोवर आत राहणाऱ्यांना ठेवायचं कुठे? तात्पुरत्या निवासातल्या लोकांसाठी आणखी एक तात्पुरता निवास?

*

एक्सकॅलिबर पाडायचं ठरलं तेव्हा तिथले लोक भांडले. ॲस्बेस्टॉस आहे, थंडी आहे, दुरुस्ती परवडत नाही, हे कौन्सिलचं म्हणणं खोटं नव्हतं. २००९ मध्ये सहा घरांना वारशाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये रहिवाशांचं मतदान घेतलं, ५६ टक्के लोक पुनर्विकासाच्या बाजूने. म्हणजे ४४ टक्के लोकांना पासष्ट वर्षांपूर्वीचं, दहा वर्षांसाठी आणलेलं, लाकूड-पत्र्याचं घर सोडायचं नव्हतं. २०१३ मध्ये पाडकाम सुरू झालं. मधल्या काळात एका रिकाम्या घरात प्रीफॅबचं छोटं संग्रहालयही भरलं होतं.

मी गेले त्या रविवारी एका बंद घराच्या मागे सफरचंदाचं झाड होतं. बुंधा चांगला जाड. दहा वर्षांच्या मुदतीवर आलेल्या कुणीतरी ते लावलेलं. सफरचंदाला धड फळ धरायलाच चार-पाच वर्षं लागतात. माझी आई भाड्याच्या घरात कढीपत्ताही कुंडीतच लावायची.

माझा प्रोजेक्ट संपला आणि परत यायचं ठरलं तेव्हा सामान वाटून टाकलं. प्रेशर कुकर त्या गार्डच्या बायकोला हवा होता. पिशवीत घालून ऑफिसला नेला, रात्री त्याच्या टेबलावर ठेवला. त्याने झाकण फिरवून बघितलं, शिट्टी बघितली, आभार मानले. मग विचारलं, याचा खोका ठेवला आहेस का?